चंद्री घाट उलटा चढायची

सोलापूर, १२ नोव्हेंबर १९३७

चि. विजयमाला,

मायना लिहिताना हात अजूनही ‘सौ.’कडे जातो. आठ वर्षं झाली तरी जातो. एक कागद फाडला, हा दुसरा.

तुझं दिवाळीचं कार्ड मिळालं. धैर्यशीलने खाली स्वतःच्या हाताने ‘आजीस नमस्कार’ लिहिलं आहे, त्यातला ‘स्का’ तीनदा गिरवलेला दिसतो. इंदूरची थंडी त्याला सोसते ना? कार्ड मी आबांना दाखवलं. त्यांच्यासाठी त्यात नेहमीप्रमाणे काही नव्हतं. तरी ते बराच वेळ त्यांनी हातात धरून ठेवलं.

लिहिण्याचं कारण म्हणजे चंद्री काल गेली.

वैरागचा ज्ञानबा म्हणून एक गृहस्थ पिठाची गिरणी घालतो आहे. त्याला नुसतं इंजिन हवं होतं. गाडीखान्यात मोटार आठ वर्षं उभी होती, चाकं जमिनीत रुतून बसली होती. चार बैल जुंपले तेव्हा हलली. ज्ञानबा म्हणाला, “बाईसाहेब, इंजान झ्याक हाय की. हिला चालायचा कटाळा हुता. आता एका जागी बसून दळंल.” मग विचारलं, “तोंड कुनीकडं करून न्यायची?” मी म्हटलं, “पाठमोरीच ने बाबा, तिला सवय आहे.” त्याला काही कळलं नाही. तुला कळेल.

तेवीस साली ती मुंबईहून मालगाडीने आली, तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. सोलापुरात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतली एक वकिलाच्या दारात, म्हणून सगळी आळी जमली. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, ड्रायव्हर सिद्धप्पाने नवा रुमाल बांधला आणि आपण निघालो. सात रस्त्यावर मधोमध येऊन ती थांबली. सात बाजूंनी माणसं गोळा झाली आणि सातही बाजूंनी सल्ले सुरू झाले. मी पदर तोंडाशी धरून बसले होते आणि तू हसून हसून मागच्या बैठकीवर लोळत होतीस. सिद्धप्पा अक्कलकोटकडचा, मला आई मानून अव्वा म्हणायचा. म्हणाला, “अव्वा, घाबरू नका. हिला काय झालं न्हाई, रुसलीय. आमच्या घरची चंद्री म्हैस बी अश्शीच. मनात आलं तर चार शेर, न्हाईतर लाथ.” तेव्हापासून तिचं नाव चंद्री.

तिची एकेक तऱ्हा आठवते. पावसाळी हवा असली की तिचे प्लग तव्यावर शेकून घ्यावे लागत. दर सहा मैलांना पाणी प्यायची. तुळजापूरच्या रस्त्यावर मेंढरं राखणारी तानाबाई तिला घागर देता देता म्हणाली होती, “येवढं थोरलं जनावर, आन् सावली बघून बसतंय व्हय?” आबा इतके हसले की त्यांच्या हातातलं, गाडी सुरू करायचं हँडल पडलं.

आणि हँडल फिरवायला त्यांनी तुला शिकवलं तो दिवस. मी किती रागावले होते. मुलीच्या जातीला हे कशाला? आबा तुझा हात धरून सांगत होते, “अंगठा आवळायचा नाही. चारी बोटांच्या बाजूला ठेवायचा. ती कधी उलटा झटका देईल सांगता येत नाही, अंगठा मोडेल.” तिसऱ्या फिरकीला चंद्री सुरू झाली आणि तू अंगणभर ओरडत धावलीस.

घाटाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, पण आता लिहवत नाही. पुढच्या पत्रात लिहीन.

गाडी नेण्याआधी मी तिच्यातली हत्यारांची पत्र्याची पेटी काढून घेतली. अजून उघडलेली नाही.

आबांची प्रकृती मध्यम आहे.

तुझी आई


सोलापूर, १९ नोव्हेंबर १९३७

चि. विजयमाला,

परतटपाली तुझं कार्ड आलं. ‘चंद्री गेली हे बरं झालं. आठ वर्षं आधी जायला हवी होती.’ दोनच ओळी. तुझं अक्षर अगदी आबांच्यासारखं आहे, हे तुला कुणी सांगितलं आहे का?

मागच्या पत्रात मी ‘मध्यम’ लिहिलं. ते खरं नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आंघोळीला उठताना आबा पडले. डावी बाजू गेली आहे. वाचाही गेली. कळतं सगळं, डोळे सगळीकडे फिरतात. डॉक्टर सकाळी येऊन जातात आणि जाताना माझ्याकडे बघत नाहीत, त्यावरून मी काय ते समजते. तुला इतके दिवस कळवलं नाही, कारण कळवलं आणि तू आली नाहीस, तर ते मला त्यांच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं.

उजवा हात चांगला आहे. पडल्या पडल्या तो हात मधूनच उचलतात आणि हवेत गोल फिरवतात. बजाबाई म्हणाली, “बाई, सायेब पंखा मागत्यात.” मी पंखा दिला तर बाजूला सारला. मग माझ्या ध्यानात आलं. अंगठा चारी बोटांच्या बाजूला होता.

जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून भरवते. डॉक्टर म्हणाले, “गव्हाची मऊ पोळी द्या, घशाखाली सहज उतरेल.” केली. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. किती वर्षं झाली, ते पोळीला शिवत नाहीत. मी समजत होते, पोटाला जड जाते म्हणून.

घाटाचं लिहिते म्हटलं होतं ना. तुझ्या लग्नानंतर आम्ही घाटाच्या पायथ्यापर्यंत तुला पोचवायला आलो होतो. तू आणि जोतीरामराव चंद्रीत, आम्ही बायका मागून टांग्यात. पायथ्याशी आबांनी गाडी वळवून उलटी उभी केली. जोतीरामरावांच्या घरची माणसं घाबरली, नवरी माघारी चालली की काय! आबांनी त्यांना समजावलं. पेट्रोलची टाकी बैठकीखाली, इंजिन पुढे. चढावर इंजिन वर जातं आणि पेट्रोल तिथवर पोचत नाही. म्हणून चंद्रीला घाट मागे मागेच चढावा लागतो. तुझे सासरे म्हणाले, “म्हंजी वकीलसायेब, हिला म्हायेराकडं बघत बघतच सासरला जावं लागतंय म्हना की.”

सगळ्या लेकी पाठ करून जातात. तू तोंड माझ्याकडे करून गेलीस. पहिल्या वळणापर्यंत मला तुझा चेहरा दिसत होता, अगदी लहान होईपर्यंत. असा निरोप सोलापुरात दुसऱ्या कुठल्या आईला मिळाला असेल? चंद्रीवर माझा जीव होता तो त्या एका वळणामुळे.

विजू, ये. तू शिकवतेस त्या शाळेत रजा मागता येईल. धैर्यशीलला घेऊन ये. त्याने आपल्या आजोबांना पाहिलेलं नाही, आणि आता फार दिवस नाहीत. तू त्यांच्याशी बोलू नकोस, नुसती खोलीत येऊन बस.

पेटी उघडली. आत नट आवळायचे पाने, जुने प्लग, ट्यूबला लावायच्या सोल्यूशनची एक डबी. बाकी विशेष काही नाही.

तुझी आई


सोलापूर, २८ नोव्हेंबर १९३७

विजू,

तुझं पत्र चार दिवस उशीखाली आहे. ‘आई, तुझ्यासाठी मी केव्हाही येईन. त्यांच्यासाठी नाही. त्यांनी हौसेचं खेळणं दारात ठेवलं नसतं तर मी त्या दिवशी टांग्याने निघाले असते, बैलगाडीने निघाले असते, आणि पोचले असते. माझ्या माणसाने गाडीच्या भोंग्याची वाट बघत जीव सोडला. हे मी विसरू शकत नाही. तू मला विसर म्हणू नकोस.’

विसर म्हणत नाही. निराळं सांगते.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हा हिंदू मुलींना प्रार्थनेच्या वेळी शेवटच्या बाकावर बसवत. शनिवारी इतर मुली एकेक करून लाकडी जाळीपाशी जात, गुडघे टेकून पलीकडच्या पाद्र्याला आपली पापं कुजबुजत आणि उठताना त्यांची तोंडं हलकी झालेली दिसत. मला त्यांचा हेवा वाटायचा. दहा वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, तर जाळीपलीकडे तू आहेस.

त्या दिवशी तुझ्या सासरहून माणूस आला तो सकाळी आठला. तुला सातवा महिना. डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या हातात होत्या. माणूस उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, म्हणाला, “आत येत न्हाय, गावात उंदरं पडाल्यात. धाकल्या धन्यास्नी काखंत गाठ आलीया. ताईसायबांचं नाव घ्याल्यात.” तू आतून ऐकलंस आणि चप्पल शोधायला लागलीस.

मी आबांना म्हटलं, “तिला नेऊ नका. तिच्या पोटात जीव आहे. प्लेगच्या गावात पोटुशी पोर न्यायची?”

आबा म्हणाले, “तिचा नवरा आहे. अडवायचा अधिकार तुलाही नाही आणि मलाही नाही.”

“तुम्हाला लेक नकोशी झाली आहे का?”

“मथुरा, ती गेली नाही तर जन्मभर आपल्याला विचारील. तू उत्तर देशील?”

मी स्वयंपाकघरात गेले. बजाबाई दशम्यांसाठी कणीक मळत होती. मी तिला म्हटलं, जा, तांब्या भरून गाडीत ठेव. तिची पाठ वळली आणि मी कणकेची गोळी हातात घेतली.

आबांनीच एकदा मला दाखवलं होतं. पुढच्या बैठकीखाली टाकी, टाकीच्या झाकणाला मोहरीएवढं भोक. त्यातून हवा आत जाते म्हणून पेट्रोल खाली उतरतं. एकदा ते धुळीने बुजलं होतं तेव्हा चंद्री दर मैलाला बंद पडत होती, आणि शेवटी सिद्धप्पाने केरसुणीच्या काडीने ते मोकळं केलं. बायकोला यंत्रातलं काही समजावून सांगणारा नवरा मिळाला म्हणून मी तेव्हा किती सुखावले होते.

तुझ्यासाठी वाकळ अंथरते असं सांगून मी बैठक उचलली. झाकण काढलं, आतल्या बाजूने, वरून दिसू नये म्हणून, कणीक त्या भोकावर दाबली, अंगठ्याने. झाकण लावलं, वाकळ अंथरली. तू बसलीस तेव्हा मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्याच हाताने.

मला वाटलं होतं, निजामाच्या हद्दीतल्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यापर्यंतही ती जाणार नाही. तुम्ही दुपारी परत याल. उद्या बघू म्हणता येईल. एक दिवस, विजू. मला एकच दिवस हवा होता, तेवढ्यात काय ते होऊन जाईल, म्हणजे त्यांचं बरं होईल किंवा— हे वाक्य मी आठ वर्षं पुरं केलेलं नाही.

पण तुम्ही परत आला नाहीत. गाडी बंद पडली की आबा काठी घालून पेट्रोल बघायला झाकण उघडायचे, आत हवा जायची, ती पुन्हा सुरू व्हायची, मैलभर जायची, पुन्हा थांबायची. तूच मला सांगितलंस, तेरा वेळा थांबली. अगदीच चालली नसती तर तुम्ही टांगा केला असता. ती थोडी थोडी चालत राहिली म्हणून तुमची आशा सुटली नाही. दिवस मावळताना घाटात उलटी चढताना ती थांबली ती थांबलीच. आबांनी चाकामागे धोंडा लावला, तुझ्यासाठी बैलगाडी मिळवली, आणि स्वतः बैलांच्या बाजूने रात्रभर चालले. तुम्ही पोचलात तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. प्लेगचं माणूस कोण ठेवतो? तुला राख दाखवली.

तिथे त्या राखेपाशी तू आबांना जे बोललीस ते मी ऐकलेलं नाही, तुमच्याबरोबर आलेल्या सिद्धप्पाने सांगितलं. आबा एका शब्दाने उलटून बोलले नाहीत. त्यानंतर तुम्ही दोघं बोललाच नाहीत. तू मला मात्र कार्डं पाठवत राहिलीस. सणावारी येऊन गेलीस ती तुझ्या मामाकडे उतरलीस आणि मला तिथे बोलावून घेतलंस. मी यायचे. लेकराला मांडीवर घ्यायचे. घरी परत आले की आबा विचारायचे, “कशी आहे?” मी सांगायचे, “बरी आहे.” ते म्हणायचे, “बोलली का काही?” मी म्हणायचे, “नाही.” मग ते दिवा मोठा करून कागद वाचायला बसायचे.

आता पेटीचं. सोल्यूशनच्या डबीत सोल्यूशन नव्हतं. कागदाच्या घडीत कणकेचा तुकडा होता, वाळून खडा झालेला. त्यावर माझ्या अंगठ्याच्या रेषा जशाच्या तशा.

त्यांना माहीत होतं. पहिल्या आठवड्यापासून माहीत असणार, गाडी घाटातून ओढून आणल्यावर त्यांनीच ती साफ केली होती. तेव्हापासून पोळी बंद झाली. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. माझ्या हातची भाकरी खात राहिले.

मी तो तुकडा त्यांच्या उजव्या हातात ठेवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, बराच वेळ. मग माझा हात ओढून तुकडा माझ्या तळव्यावर ठेवला आणि माझी बोटं एकेक करून मिटवली.

हे पत्र तुला मिळालं की तू येशील, त्यांच्यासाठी येशील, हे मला ठाऊक आहे. आणि माझ्याकडे कधीच येणार नाहीस, हेही.

आई


सोलापूर, १० डिसेंबर १९३७

विजयमाला,

तार मिळालीच असेल. आबा रविवारी सकाळी गेले. मी कपाळ पुसत होते. उजवा हात उचलला, अर्धं वळण घेतलं आणि तिथेच राहिला.

वरचं पत्र अठ्ठावीस तारखेचं आहे. तारीख मी खोडलेली नाही. लिहून झालं त्याच दिवशी पाकिटात घातलं, तिकीट लावलं, आणि देवघरातल्या कोनाड्यात ठेवलं. रोज म्हणत होते, उद्या टाकू. त्यांनी माझी बोटं मिटवली त्याचा मी अर्थ घेतला की ते ‘सांगू नकोस’ म्हणतात. म्हणतही असतील. पण मला तो अर्थ सोयीचा होता म्हणून मी घेतला, हे मला पाकिटाकडे बघताना प्रत्येक वेळी कळत होतं. टपालाची पेटी आपल्या कोपऱ्यावर आहे. पन्नास पावलं. सात दिवस मी ती चालले नाही. तीन दिवसांत पत्र तुला पोचलं असतं, आणखी दोन दिवसांत तू इथे असतीस. त्यांचे डोळे सगळा वेळ दाराकडे होते.

एकदा मी तुला तुझ्या माणसापर्यंत पोचू दिलं नाही. तेव्हा म्हणायला कारण तरी होतं, तुझ्या पोटातलं लेकरू. आज ते आठ वर्षांचं आहे आणि ‘नमस्कार’ लिहितं. पण या खेपेला कोणाला वाचवत होते मी?

सिद्धप्पा आला होता. हल्ली उतारूंची सर्व्हिस मोटार चालवतो, केस पार पांढरे झाले. दहनाहून परत आल्यावर ओसरीवर बसून रडला. म्हणाला, “अव्वा, तवा घाटातनं गाडी आणल्यावर झाकनात कनीक घावली. मी म्हनलं, सायेब, ह्ये कुनीतरी मुद्दाम केलंय. सायेब म्हनले, उंदरानं आणून घातली आसंल. घरात बोलू नगंस.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “उंदीर झाकन लावतंय व्हय, अव्वा?” आणि उठून गेला. पाणीही घेतलं नाही.

काल तुझं पत्र आलं. शाळेच्या परीक्षा असल्याने तेराव्याला येता येणार नाही, आणि येऊन तरी काय करू, असं लिहिलं आहेस. पुढे लिहिलंस, ‘तू आता तिथे एकटी राहू नकोस. इकडे ये. धैर्यशील तुझ्यासाठी खिडकीजवळची जागा साफ करतो आहे.’

ती ओळ मी किती वेळा वाचली. त्या खिडकीशी बसलेली मी मला दिसले. त्याचे गिरवून गिरवून काळे झालेले ‘स्का’ तपासते आहे, तुझ्या डब्यासाठी पोळ्या लाटते आहे. एवढं मला मिळू शकतं. फक्त कोनाड्यातलं पाकीट चुलीत घालायचं. आज सकाळी चूल पेटलेली होती.

तुला उत्तर म्हणून दोन्ही पत्रं एकत्र पाठवते आहे. मी येणार नाही. तू आता बोलावणार नाहीस, आणि ते बरोबर आहे. आबांसाठी एक मागते, माझ्यासाठी नव्हे. धैर्यशीलला कधीतरी त्यांच्याबद्दल सांग. सांग की त्याच्या आजोबांकडे एक गाडी होती, भारी हट्टी, आणि तिने त्याच्या आईला कधी दगा दिला नाही. आणि त्याला हँडल फिरवायची वेळ आली, तर अंगठा कुठे ठेवायचा तेही सांग.

सोबत सोल्यूशनची डबी पार्सलने पाठवली आहे. हळू उघड. तुकडा ठिसूळ आहे.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पट्टी घेऊन उभी राहायची, म्हणून माझं अक्षर वळणदार झालं. सहीसुद्धा मी झोकात करते, तुझे आबा चेष्टा करायचे. या पत्राखाली मात्र सही करत नाही. डबीतल्या तुकड्यावर अंगठा उमटलेला आहे. तो माझा.